उंच पोरीचं माप

माझ्या हातच्या शिलाईला माणसं लटकतात. हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. शेजारणी विचारतात, काय काम करता, तर मी सांगते, शिवणकाम. मग त्या ब्लाउजचं कापड घेऊन येतात आणि मी मान खाली घालून तेही शिवून देते. बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहायला मात्र बरं वाटतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर चांगलं होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे डबे भरून झाले की मी दुपारी थोडं लिहून ठेवते.

आमचा कारखाना म्हणजे पनवेलहून कर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला पत्र्याची एक उंच शेड. मालक रूबेनकाका. हवाई दलात पॅराशूट तपासून घडी घालायच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. जन्मापासून इथलेच, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. भाऊ, बहिणी, पुतणे केव्हाच इस्रायलला गेले. काका गेले नाहीत. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "माझा हत्ती विमानात चढत नाही." हत्ती म्हणजे जाड पट्टे शिवायचं आमचं मशीन. ते सुरू झालं की शेडचे पत्रे थरथरतात. शनिवारी शेड बंद आणि रविवारी उघडी, त्यामुळे नोकरीवाली गिऱ्हाइकं रविवारी येतात आणि काकांना दुवा देतात.

पोटापाण्याचं काम म्हणजे इमारतींवर काम करणाऱ्या मजुरांचे सुरक्षा पट्टे, टेम्पोवरच्या ताडपत्र्या, आणि कामशेतकडे पॅराग्लायडिंग करतात त्यांच्या बसायच्या झोळ्या. त्यातले एक गृहस्थ असे होते की झोळीच्या आत, जिथे बूड टेकतं तिथे, कुलदेवतेचं नाव शिवून द्या म्हणाले. मी नुसती त्या जागेकडे बघत राहिले. मग तेच लाजले आणि म्हणाले, "नको, खांद्यावर शिवा." मजुरांचं मात्र वाईट वाटतं. इतका मजबूत पट्टा आम्ही करतो, आणि त्यांच्यातले कितीतरी जण तो खुंटीला टांगून उघड्या कमरेने विसाव्या मजल्यावर चढतात. मी शिवलेल्या पट्ट्यात मोबाइल आणि तंबाखूची पुडी अडकवून फिरणारा एक मुकादम मी बसमधून बघितलाय. उतरून त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

पण आमचं खरं मानाचं काम वर्षातून मोजक्या वेळाच येतं. ते म्हणजे रिग. विमानातून उडी मारणारे लोक पाठीला बांधतात ते दप्तर. त्यात दोन छत्र्या असतात. एक नेहमीची, आणि ती बिघडली तर दुसरी, राखीव. राखीव छत्री घडी घालून बंद केली की काका तिला दोरा ओवून शिशाचं सील मारतात. त्या सीलावर त्यांची खूण असते. त्याचा अर्थ इतकाच, की मी बघितलंय, मी जबाबदार. दप्तराला खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती पट्टे असतात, त्याला हार्नेस म्हणतात. छत्री कितीही चांगली असू दे, हार्नेस अंगाचा नसला तर माणूस त्यात पोत्यासारखा हलतो. आणि छातीजवळ दोन्ही बाजूंना जी हँडलं असतात, संकटात राखीव छत्री उघडायला न बघता हात जिथे जायला हवा, ती हार्नेसबरोबर सरकतात. वरून खाली येताना हँडल शोधत बसायला कुणाकडे वेळ नसतो. माणसाच्या अंगाचं माप घ्यायचं ते त्यासाठी. गिऱ्हाईक बाई असेल तर काका टेप माझ्या हातात देतात आणि पाठ फिरवून उभे राहतात.

मयूरी आली ती रविवारी, परदेशी उडीच्या शिबिराला जायला दोन आठवडे उरले होते तेव्हा. नेरेच्या बाजूच्या गावातली, आगरी घरातली मुलगी. इतकी उंच की शेडच्या दारात शिरताना उगाचच वाकली. आमचं दार हत्तीसाठी केलेलं आहे, तिथे कुणाला वाकावं लागत नाही. अंगाने अगदी शेलाटी. बंदरावरच्या एका कचेरीत नोकरी करते. परदेशी जाऊन उडीचा कोर्स करून आली होती, तिथल्या शाळेच्या भाड्याच्या रिग वापरून. आता पुढचं शिबिर होतं, तिथे स्वतःची रिग लागणार होती. रजा एवढीच मंजूर झाली होती, पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती.

"भाड्याच्या रिगमध्ये छत्री उघडली की सगळं एका बाजूला सरकायचं," ती काकांना हळू आवाजात सांगत होती. "एकदा हँडल शोधलं तर काखेत गेलेलं. तेव्हा घाबरले मी. तसं पुन्हा व्हायचं असेल, तर मला उडीच नको."

तिच्या मागून तिची आई आली. आल्या आल्या त्या ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसल्या. पदर सावरला, चहूकडे बघितलं आणि काकांनाच विचारलं, "ह्या पोरीला आकाशातशी खाली याचं खूल लागलाय. तुमी शानी मानसं. तुमीच सांगा, मी होय म्हनू का नाय?"

काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हनतं, आमची जमीन विमानतलाला गेली, नि ही पोरगी आता विमानातशी परत जमिनीवर येतंय. बापाला इचारलं त बाप म्हनतो आईला इचार. आता मी म्हनतं, तुमी तुमचा शिक्का मारलात त जाऊ देईन. नाय मारलात त नाय."

मयूरीने डोळे मिटून घेतले. सगळा भार काकांच्या सीलावर येऊन पडला होता.

मयूरीने एक रिग ठरवूनच आणली होती. बघायला दिलेली, पटली तर विकत. निळी, रुपेरी काठाची, इतकी सुंदर की मी बोटं पुसूनच तिला हात लावला. विकणारा माणूस तिच्याच उंचीचा होता, म्हणून तिला वाटलं, बसेल. मी ती तिच्या अंगावर चढवली. ती बापाचा कोट घातल्यासारखी दिसायला लागली. खांद्याचे पट्टे बाहेर घरंगळायचे, मांडीचे पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी माझी मूठ आत जायची.

"मस्त हाय," आई म्हणाल्या. "ढगल हाय पन बरा. फुडं अंग भरंल तिचा. ताई, तुमी ब्लाउज शिवता ना? आत दाब ठेवता का नाय?"

ठेवते ना. लग्नाच्या मुलीच्या ब्लाउजला तर दोन्ही बाजूंनी बोटभर दाब ठेवते, वर्षाने उसवून सैल करता यावा म्हणून. आपल्याकडची सगळी कपड्यांची अक्कल तीच आहे, पुढचा विचार करून मोठं घ्यावं. मी आईंकडे बघून नुसती मान हलवली. उत्तर काकांनी दिलं.

"वहिनी, ब्लाउज सैल झाला तर लोक हसतील. हा सैल झाला तर हसायला कुणी खाली थांबणार नाही."

मग काकांनी निळ्या रिगमधली मोठी छत्री लांब टेबलावर पसरली आणि मयूरीला समजावलं. मालक उंच होता तसा जाडही होता. छत्रीला उंची कळत नाही, तिला फक्त वजन कळतं. एवढ्या मोठ्या छत्रीखाली ही पोरगी वाऱ्यावर पतंगासारखी मागे जाईल. "नेरेला उडी मारलीस तर उरणच्या खाडीत उतरशील," काका म्हणाले. आधी वजनाला छत्री बघायची, मग छत्रीला दप्तर, आणि सगळ्यात शेवटी हाडांना पट्टे. शेवटचं बदलता येतं, पहिलं येत नाही. नवीन शिकणारे नेमके शेवटून सुरुवात करतात, आणि त्याहीआधी रंग बघतात.

आमच्याकडे विकायला ठेवलेली एक रिग होती. जांभळी, उन्हाने थोडी विटलेली. जिची होती ती बाई मयूरीच्याच वजनाची, पण चांगली बुटकी. काकांनी दोन्ही छत्र्या उलगडल्या, कापड उजेडात धरून बघितलं, दोऱ्या एकेक करून हातातून सोडल्या. सगळं उत्तम. दप्तर मयूरीच्या अरुंद पाठीला असं चिकटलं की जणू तिथेच वाढलं. फक्त खांद्यापासून कमरेपर्यंत जाणारे उभे पट्टे बुटक्या बाईचे. मयूरीला ते इतके आखूड झाले की ती उभी राहिली तर छातीचा पट्टा गळ्याशी आला.

"उभे पट्टे नवे घालू," काका म्हणाले. त्या कामाची रीतसर परवानगी त्यांच्याकडे आहे. मशीनवर मी बसते आणि टाक्यावर त्यांचा डोळा असतो.

"रंग..." मयूरी निळ्या रिगकडे बघत पुटपुटली.

"वरती तुला रंग दिसणार नाही," काका म्हणाले. "तुझ्या पाठीला असतो तो."

ती हसली आणि जांभळी घेऊ म्हणाली.

आता माझं काम. ब्लाउज शिवताना मी एक सवय लावून घेतली होती, ती मी इथेही आणली. खऱ्या पट्ट्याला कात्री लावायच्या आधी साध्या पट्टीचा कच्चा हार्नेस करायचा. ट्रंका बांधायची पट्टी असते तिचा. बकलं लावून अंगावर घालायचा, शेडच्या तुळईला दोन आकडे आहेत त्यांना टांगायचं, आणि माणूस टांगलेला असताना बघायचं कुठे ओढतंय, कुठे पोकळ आहे. उभं राहून सगळ्यांचंच बरोबर वाटतं. लटकल्यावर खरं कळतं.

मी मयूरीचं माप घेतलं, गळ्याच्या खळगीपासून जांघेपर्यंत. पुढच्या रविवारी कच्चा हार्नेस तयार ठेवला. आई आल्या, गठ्ठ्यावर बसल्या. मयूरीला टांगलं.

"कसं वाटतंय?" काकांनी पाठ फिरवूनच विचारलं.

"ठीक आहे." मयूरी सगळ्याला ठीक आहेच म्हणायची.

मी तिला खाली उतरवून पट्ट्यांसकट बाकावर पालथं झोपवलं आणि काकांनी सांगितलं, "आता कमान कर."

ही कमान म्हणजे या खेळातली पहिली अक्षरं. विमानातून निघाल्यावर पोट पुढे, छाती पुढे, मान वर, हातपाय मागे सोडलेले. कमान चांगली असली की माणूस वाऱ्यावर स्थिर राहतो. वाकला, आक्रसला, की गटांगळ्या खातो. मयूरीने कमान केली. सुरेख केली, तिच्या लांब अंगाला ती शोभलीही. पण उभे पट्टे कचकन ताणले गेले आणि तिचे खांदे खाली ओढले. तिच्या तोंडून बारीक आवाज आला. माझ्या डोळ्यांदेखत हार्नेसने तिची कमान मोडली.

दोन बोटं आखूड होता.

मी पुन्हा माप घेतलं. तेवढंच आलं, पहिल्याइतकंच. टेप तोच, हात तोच. मी हळूच म्हटलं, "काका, दोन बोटं वाढवून घेते."

काका माझ्यावर सहसा रागावत नाहीत. त्या दिवशी रागावले. "शालनबाई, मापात आपल्या मनाची भर घालायची नाही. आज दोन बोटं घालाल, उद्या पोरगी खाली घसरली तर मी कुणाला विचारू? माप चुकत असेल तर का चुकतंय ते आधी शोधा. नाही सापडलं तर मी सील मारणार नाही."

आईंनी ऐकलं आणि गुडघ्यावर थाप मारली. "बास. संपला तर. चल गो घरी."

मयूरी बाकावरून उठून उभी राहिली. रडली नाही. पट्टे सोडवायला लागली आणि मला तिच्या बोटांकडे बघवेना. पुढच्या रविवारी तिला निघायचं होतं.

"चहा घेऊन जा तरी," काका म्हणाले. त्यांचा सूर उतरला होता. रस्त्यापलीकडच्या टपरीवरचा माणूस काकांच्या हाकेला ओ देत नाही, कुणीतरी जाऊन सांगावं लागतं. "मी सांगतं," म्हणून आईच उठून गेल्या.

त्या गेल्या आणि मी, दुसरं काय करायचं ते न सुचून, परत एकदा टेप लावला.

दोन बोटं जास्त आलं.

मी टेप झटकला, परत लावला. जास्तच. तेवढ्यात आई ग्लास घेऊन आल्या, "गो, साखर कमी सांगितलीय मी," म्हणाल्या, आणि माझ्या हातातला टेप माझ्या बोटांखालून सैल झाला. मी बघत होते. मयूरीचे खांदे पुढे आले, छाती आत गेली, गुडघे जरासे वाकले. ताठ उभी असलेली पोरगी दोरी सोडल्यासारखी खाली आली, आणि तिला स्वतःला पत्ताही नव्हता.

"वहिनी, बिस्किटं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "बिस्किटं राहिली."

आई परत टपरीवर गेल्या. पोरगी वर आली. आई बिस्किटं घेऊन आल्या. पोरगी खाली गेली. मग मी पाणी मागवलं. काका टेबलाशी उभे राहून माझ्याकडे असे बघायला लागले की शालनबाईंना आज झालंय काय, पाहुण्या बाईला रस्ता ओलांडायला लावतायत. आई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा धापा टाकत म्हणाल्या, "ताई, अजून काय हवा? बोला एकदम, मी टेम्पो सांगतं."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच माझी जीभ सुटली.

"वहिनी, तुम्ही आत आलात की पोरगी दोन बोटं कमी होते."

मयूरीने मान आणखी खाली घातली. मला वाटलं, झालं, आता या मला झापणार आणि पोरीला घेऊन जाणार. काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"म्हंजे?" आई म्हणाल्या.

मी टेप लावून दाखवला. आता या, आता बाहेर उभ्या राहा, आता परत या. त्या बिचाऱ्या दाराशी आत-बाहेर करत राहिल्या आणि टेप माझ्या बोटांत पुढे-मागे. काकांनी स्वतः आकडा वाचला. मयूरी कानापर्यंत लाल झाली होती.

"शाळेपासून आहे," ती म्हणाली. "फोटो काढताना मागे उभं राहायचं नि गुडघे वाकवायचे. लग्नात गेलं की आई म्हणते, वाक जरा, मुलाकडचे बघतायत. मग सवयच झाली. मला कळतही नाही आता."

"मीच सांगितलाय," आई म्हणाल्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. "बरोबर. मीच."

त्या गठ्ठ्यावर बसल्या नाहीत. हातातलं पाणी त्यांनी बाकावर ठेवलं.

"माना पन सांगायची माझी आई," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात मानसं हसतील म्हनून माना पाटावर बसवली नि हिच्या बापाला उभा केला. तसाच हार घातला. अख्ख्या गावाला वाटला, नवरी लंगडी हाय का काय, उठत का नाय!"

मयूरीने मान वर केली. "आई, तू कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगाचा त्यात."

"वहिनी," काका म्हणाले, "जरा सरळ उभ्या राहता का?"

"आता? ह्या वयात?"

"राहा तर."

आईंनी पदर कमरेला खोचला आणि उभ्या राहिल्या. हळूहळू, एकेक मणका मोजत असल्यासारख्या. मी त्यांना इतक्यांदा बघितलं होतं, पण बसलेल्या नाहीतर पुढे झुकून चालणाऱ्या. त्या उभ्या राहत राहत गेल्या आणि मला मान मागे करावी लागली. मयूरी त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. काकांनी दोघींच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि ती जवळजवळ सपाट बसली.

"बापरे," मयूरी म्हणाली. "आई!"

"हसू नको. ताठ र्‍हा, पट्टी परंल," आई म्हणाल्या, आणि दोघी तशाच एकमेकींना पाठ टेकून हसायला लागल्या. काकांची फूटपट्टी खरंच पडली.

मी माप घेतलं. आई शेडमध्येच होत्या, समोर, आणि मयूरी सरळ होती. आकडा हलला नाही. त्याच दुपारी कच्चा हार्नेस नव्याने केला, टांगलं, बाकावर कमान करून बघितली. कमान मोडली नाही. मग काकांनी जाड पट्टा माझ्यापुढे ठेवला आणि मी कात्री लावली.

तो आठवडा हत्तीने खूप काम केलं. पट्टा पट्ट्यावर ठेवून चौकोन शिवायचा आणि त्याच्या आत फुली. हे नक्षीसारखं दिसतं, पण ओढ कुठूनही आली तरी ती फुली वाटून घेते, म्हणून ती असते. बसच्या बॅगांवर, शाळेच्या दप्तरांवर सगळीकडे असते, कुणी बघत नाही. मी मात्र जिथे जाईन तिथे लोकांच्या पाठींवरच्या फुल्या बघते. वाकडी दिसली तर दिवसभर मनात राहते. मयूरीच्या पट्ट्यांवरच्या फुल्या मी अशा घातल्या की काकांनी भिंग लावून बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं हं मिळवायला माझी कितीतरी वर्षं गेली आहेत. शुक्रवारी, शनिवारची सुट्टी लागायच्या आधी, त्यांनी राखीव छत्री घडी घातली आणि सील मारलं. मयूरीच्या आई ते बघायला मुद्दाम आल्या होत्या. सीलाकडे वाकून बघत म्हणाल्या, "एवरासाच?" काका म्हणाले, "एवढंसंच."

मयूरी गेली. जाताना माझ्या पाया पडायला वाकली, तर मी मागे सरकले. "वाकू नकोस," म्हणाले.

मला एक खंत कायम आहे. मी शिवलेलं काहीही मी कधी हवेत बघितलेलं नाही. कामशेतचे लोक बोलावतात, या ना ताई, डोंगरावर या. मी जात नाही. अनोळखी माणसांत काय बोलायचं, कुठे उभं राहायचं, ते मला कळत नाही. मयूरी शिबिरात होती त्या आठवड्यात मात्र मला पहिल्यांदा वाटलं की जायला हवं होतं. मशीनवर बसले की मनात एकच चालायचं, आत्ता ती विमानात असेल, आत्ता दार उघडलं असेल, आत्ता पट्ट्याला ओढ बसली असेल. काकाही दोनदा उगाचच भिंग पुसत बसले होते.

उडीनंतर तिचा निरोप आला. व्हिडिओही आला, सगळ्यांनी बघितला, तिची छत्री निळ्या आभाळात लहानशी. सगळे खूश झाले. पण खरं सांगते, त्याने माझं समाधान झालं नाही. व्हिडिओत माप दिसत नाही. छत्री उघडते तेव्हा माणसाला जो हिसका बसतो, तो चुकीच्या पट्ट्यातून बसला तर मांडीला, खांद्याला काळंनिळं करतो. मुली हे घरी दाखवत नाहीत. ठीक आहे म्हणतात. आणि मयूरीची ठीक आहे म्हणायची सवय मला माहीत होती.

ती परत आली तेव्हा विमानतळावरून थेट शेडमध्ये आली. आईही बरोबर होत्या. काकांना पेढे दिले, वरच्या गोष्टी सुरू झाल्या. मी तिचा हात धरला आणि तिला आतल्या पडद्यामागे नेलं.

"दाखव," म्हटलं.

"अहो शालनताई, ठीक आहे."

"ते नको सांगूस. दाखव."

तिने दाखवलं. मी खांदे बघितले, काखेखाली बघितलं, मांड्या बघितल्या, दिव्याकडे वळवून पुन्हा बघितल्या. कातडी स्वच्छ होती. कुठे रेघ नाही, कुठे डाग नाही. कालपरवापर्यंत ही पोरगी आभाळातून खाली येत होती असं तिच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"सगळ्या उड्यांत?" मी विचारलं.

"सगळ्या. आणि हँडल, ताई, मी मुद्दाम डोळे मिटून बघितलं एकदा. हात बरोब्बर तिथेच."

"काय गो, डाग हाय का?" बाहेरून आईंचा आवाज आला. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं, बहुतेक, कारण काकांनी बाहेर टाळी वाजवली.

आम्ही पडद्याबाहेर आलो तर आई तुळईखाली उभ्या होत्या. मान वर करून आकड्यांकडे बघत.

"ताई," त्या म्हणाल्या, "माना पन टांगा ना एकदा."

मयूरीने स्वतःची रिग पुढे केली, पण काकांनी दोन्ही हात आडवे केले. "सील मारलेल्या रिगशी खेळ नाही. कच्चा हार्नेस द्या." तो खुंटीला होता. मी तो आणला. आईंनी पाठ फिरवून, जुन्या बायका शेतावर मारायच्या तसा, साडीचा कासोटा मारला. मी मांड्यांचे पट्टे लावले, छातीचा लावला. मयूरीच्या मापाचा हार्नेस, एकही बकल मला सरकवावं लागलं नाही. मग मी आणि मयूरीने दोरी ओढली.

त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. चपला खाली राहिल्या. आधी त्यांनी "आई गो" म्हणून पट्टे घट्ट धरले. मग एक हात सोडला. मग दुसरा.

"वहिनी, आता कमान करा," काका म्हणाले, भिंतीकडे तोंड करून.

"ती कशी करतान?"

"छाती पुढे, आई," मयूरी म्हणाली. "मान वर. जेवढी लांब आहेस तेवढी हो."

आईंनी केली. हात पसरले, मान वर केली, आणि पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात त्या सावकाश गोल फिरायला लागल्या.

"कुठे टोचतंय का?" मी विचारलं.

"नाय."

"खांद्याला ओढ?"

"नाय गो. कुठंच काय नाय."

"मग उतरवू?"

"थांबा," त्या वरून म्हणाल्या. "घाई काय हाय तुमाना?"